आलवणाचा तुकडा

एखाद्या साहित्यकृतीवर प्रेम करणारा वाचक तिच्यापासून दुसरी वस्तू घडवू लागला, की मूळ कृतीविषयी त्याचे काही नैतिक उत्तरदायित्व निर्माण होते काय, या प्रश्नाकडे मराठी समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. आवडत्या कादंबरीवरून गोधडी शिवण्याचे साधे उदाहरण घेतले, तरी तो मूर्त रूपात समोर येतो. आणि त्याचा विचार करण्यास तंजावरसारखे दुसरे स्थळ नाही.

कापडाच्या तुकड्यांतून कथा सांगण्याची कला तंजावरात आहेच. मंदिरांच्या रथांना लावावयाच्या दंडगोलाकार 'तोंबै'वर देवदेवतांच्या आकृती रंगीत कापडातून कापून शिवलेल्या असतात. पाहणाऱ्यांना कथा मुळात ठाऊक असते. आकृती ओळखता आली, की कापडाचे कार्य संपते. शहाजीराजांच्या (कारकीर्द १६८४ ते १७१२) नावावर असलेले 'पंचभाषाविलास' हे नाटकही एक प्रकारचे जोडकामच होय. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी या भाषा त्यात शेजारीशेजारी नांदतात. मराठी घरातील गोधडीची रीत मात्र निराळी. तिला जुनेर लागते. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, धुऊन धुऊन विरलेले कापड थरावर थर घालून धावदोऱ्याने सांधलेले असते. तेथे तुकडा कशाचे चित्र नसतो, तो कोणाचा तरी असतो.

आता तंजावरातील एखाद्या मराठी गृहिणीने हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी गोधडीत उतरवावयाचे ठरविले, अशी कल्पना करू. १८९० पासून 'करमणुकी'तून क्रमशः प्रसिद्ध झालेली ही कादंबरी यमू स्वतःच्या तोंडाने सांगते. तिचे बालपण, मुंबईतील संसाराचे सुखाचे दिवस यांसाठी खण, चोळ्या, जरीचे काठ सहज सापडतील. पतीच्या निधनानंतर यमूचे बळजबरीने केशवपन होते, तेथे हात थबकेल. त्या भागाला कापड एकच, काठ नसलेले तांबडे आलवण. गोधडी नातवंडासाठी असेल, तर घरातील वडीलधारी म्हणतील, तेवढा एक तुकडा नको, अशुभ आहे.

पेच आहे तो येथे. तो तुकडा वगळला, तर यमूला दृष्टीआड करणाऱ्या कुटुंबाचे वर्तन तिच्यावर प्रेम करणारी वाचकच पुन्हा करते, तेही कादंबरीच्या नावाने. यात भाबडेपणा आहे म्हणून दोष कमी होत नाही. उलट, तुकडा घेतला तर दुसरी अडचण उभी राहते. हिरव्या-पिवळ्या ठिगळांत तांबडा रंग खुलून दिसतो. पाहणारे त्या तांबड्याचे कौतुक करतील, आणि ज्या वस्त्राने एका तरुण स्त्रीचे सारे रंग हिरावून घेतले, तेच शोभेचे होऊन बसेल. (आपल्याकडे दुःखान्त कादंबऱ्यांची रूपांतरे बहुधा याच वाटेने बिघडतात.)

मधला मार्ग म्हणून तो आतल्या थरात घालावा, असे कोणी सुचवील. आतल्या थरांमुळेच ऊब मिळते, हेही खरे. परंतु न दिसता सर्वांना ऊब देत राहणे हेच तर अशा स्त्रियांच्या वाट्याला आले होते. त्याला प्रतीकाचा मान देण्यात औचित्य नाही. तुकडा वरच हवा, चांगला मोठा, भरतकामाशिवाय. तरीही तो स्वतःहून काही सांगणार नाही. तोंबैवरील देव ओळखणाऱ्या तंजावरात यमूला ओळखणारे किती असतील? पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणी मराठी बोलणाऱ्या तेथील अनेकांचे वाचन तमिळ वा इंग्रजीतच होते. म्हणजे शिवणारणीचे काम शेवटच्या टाक्याशी संपत नाही. पांघरूण घेतलेले मूल कधीतरी विचारील, या एवढ्याच तुकड्याला काठ का नाही? तेव्हा तिला यमूची हकीकत, त्या वस्तऱ्यासकट, घरच्या मराठीत सांगावी लागेल.