पक्षी पाहणाऱ्यांचा पैसा कुठवर पोचतो?

हिवाळा सरत येतो, उजनीचे पाणी उतरू लागते, काठचा गाळ उघडा पडतो आणि भिगवण, डिकसळ, कुंभारगावला पुण्या-मुंबईच्या गाड्या येऊ लागतात. पहाटे नावा सुटतात. रोहित, चित्रबलाक, पट्टकदंब ओळखून दाखवणारा माणूस बहुधा तिथलाच मासेमार असतो. अशा सहलींच्या जाहिरातीत ‘निसर्गसंवर्धनाला हातभार’ हे शब्द आता ठरूनच गेले आहेत. ते खोटे आहेत असे मला म्हणायचे नाही, पण हातभार लागतो म्हणजे नेमके काय होते हे फारसे कोणी विचारत नाही. पाहुणा येतो, पैसा गावात राहतो, गावाला पक्ष्यांचे मोल कळते आणि पक्षी वाचतात अशी साखळी आपण गृहीत धरतो. तिचा शेवटचा दुवा सर्वांत कच्चा आहे. पाहुण्यांचा पैसा ज्यांच्या हाती पडतो त्यांच्याच हाती त्या जागेचा निर्णय असेल, तर ही साखळी धरते. तसे नसेल तर सहलीतून रोजगार मिळतो, आणि तोही मोलाचाच असतो, पण त्याला संवर्धन म्हणता येत नाही.

अरुणाचल प्रदेशातल्या ईगलनेस्टचे उदाहरण यासाठी नीट पाहायला हवे. पश्चिम कामेंग जिल्ह्यातल्या या अभयारण्यात आणि त्याला लागून असलेल्या बुगुन समाजाच्या जंगलात १९९५ साली रमण अत्रेय यांना एक अनोळखी पक्षी दिसला. अत्रेय व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ, पुण्यात संशोधन करणारे. तो पक्षी पुन्हा नीट दिसायला २००५ उजाडले, आणि २००६ मध्ये ‘बुगुन लिओसिक्ला’ या नावाने त्याची नवी जात म्हणून नोंद झाली. नवी जात नोंदवताना एक पक्षी मारून संग्रहालयात ठेवण्याची रीत आहे. इथे मोजके पक्षीच माहीत असल्याने तो मोह टाळला गेला. पकडलेला पक्षी मोजमापे, छायाचित्रे आणि गळलेली पिसे घेऊन सोडून देण्यात आला. नव्या पक्ष्याला तिथल्या समाजाचे नाव मिळाले आणि जगभरचे पक्षीवेडे त्याला पाहायला येऊ लागले. राहण्याच्या छावण्या, स्वयंपाक, वाहने, वाटाड्यांचे काम स्थानिक लोकांनी उभे केले. या साऱ्याला एक पार्श्वभूमी होती. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ईशान्येतली लाकूडतोड जवळपास थांबली होती आणि जंगलातून मिळणारे रोख उत्पन्न आटले होते. उभ्या झाडांपासून मिळणारा पैसा नेमक्या अशा वेळी आला. मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. सिंगचुंगच्या बुगुनांनी आपल्या मालकीच्या जंगलातले सुमारे १७ चौरस किलोमीटर क्षेत्र राखून ठेवले, आणि २०१७ साली त्याला सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. जमीन त्यांची होती म्हणूनच त्यांना ती राखता आली. पाहुण्यांच्या पैशाने त्यांच्या निर्णयाला बळ दिले. निर्णयाचा अधिकार त्यांच्याकडे आधीपासून होता.

हीच कसोटी दोन नावाजलेल्या उदाहरणांना लावून पाहिली की यशोगाथांचा रंग थोडा बदलतो. चिलिका सरोवराच्या उत्तर काठावरचे मंगलाजोडी हे एकेकाळी शिकाऱ्यांचे गाव. बंदुका आणि विष वापरून तिथे पाणपक्ष्यांची शिकार चाले. साधारण २००० सालापासून त्याच शिकाऱ्यांमधून पक्षीरक्षक समिती उभी राहिली, पुढे ते नावाडी आणि मार्गदर्शक झाले, आणि घटलेल्या पक्ष्यांची संख्या पुन्हा लाखांत गेली. हे परिवर्तन खरे आहे. पण त्याच वर्षी चिलिकाला समुद्राकडे नवे मुख खोदून दिले गेले, सरोवराची प्रकृती सुधारली, आणि रामसर कराराच्या धोक्यातील पाणथळींच्या यादीत १९९३ पासून असलेले त्याचे नाव २००२ मध्ये काढले गेले. पक्षी वाढण्याचे किती श्रेय नावाड्यांना आणि किती त्या खोदकामाला, हे वेगळे काढणे सोपे नाही. नागालँडमधले पांगटी गाव आणखी एक धडा देते. २०१२ च्या हंगामात दोयांग जलाशयावर सव्वा लाखाच्या घरात अमूर ससाणे जाळ्यांत मारले गेल्याचा अंदाज निघाला आणि देशभर खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी ही शिकार थांबली. ती पर्यटनाच्या पैशाने थांबलेली नाही, कारण तो पैसा तेव्हा आलेलाच नव्हता. ग्रामसभांनी बंदी घातली, चर्चने शब्द टाकला, वनखाते आणि स्वयंसेवी संस्था सोबत उभ्या राहिल्या. ससाणे तिथे मुक्कामाला असतात ते काही आठवडे. तेवढ्या दिवसांत येणाऱ्या पाहुण्यांवर गावाचे वर्ष निघू शकत नाही. गावाने आधी शब्द पाळला. पर्यटनाने आपला शब्द पुरता पाळलेला नाही. दोन्ही ठिकाणी निर्णय स्थानिकांच्या हातात होता, एवढे मात्र समान आहे.

आता पुन्हा भिगवणकडे येऊ. इथे चित्र उलटे आहे. सहलींमुळे मासेमार कुटुंबांना चार महिन्यांचे उत्पन्न मिळते आणि पक्ष्यांना त्रास देणाऱ्याकडे कोणीतरी डोळे वटारतो, हे लहान काम नाही. पण ज्या गोष्टींवर रोहितांचे येणे-न येणे ठरते त्यांतली एकही नावाड्याच्या हातात नाही. रोहित उथळ पाण्यातला गाळ चोचीने गाळून खातो. धरण काठोकाठ भरलेले राहिले तर त्याला उभे राहायलाच जागा नसते. धरणाचे पाणी कधी आणि किती सोडायचे हे कालवा सल्लागार समितीत ठरते, आणि तिथली चर्चा उसाच्या आणि रब्बीच्या आवर्तनांची, पिण्याच्या पाण्याची असते. ती तशी असणे स्वाभाविकही आहे. पाण्याच्या प्रतीची कथा याहून वाईट. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या वाटांनी भीमेत येते आणि उजनीत साचते. देशी मासा घटला, जाळ्यात चिलापीच जास्त येते. त्यात वाळूउपशाची भर. इथे एक फसवी गोष्टही आहे. सांडपाण्यावर वाढणारे शेवाळ रोहितांना काही काळ मानवते. ठाण्याच्या खाडीतल्या रोहितांच्या गर्दीमागे हेही एक कारण असावे असे अभ्यासकांना वाटते. म्हणजे ज्या दृश्यासाठी आपण पहाटे उठून जातो, ते पाण्याच्या आजाराचेही लक्षण असू शकते. मार्गदर्शकाने नावेतून हे सांगितले नाही, तर पाहुणा गुलाबी थवे पाहून सारे आलबेल आहे असे समजून परततो. अशी सहल संवर्धनाच्या उपयोगी पडण्याऐवजी आपल्या डोळ्यांवर पट्टी बांधते.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, सहलीच पक्ष्यांना त्रास देतात. देतातच. थवा उडताना टिपायचा म्हणून नाव पुढे रेटायला लावणारे, रानपिंगळ्यासारख्या दुर्मीळ पक्ष्याला बाहेर काढण्यासाठी ध्वनिमुद्रित हाक पुन्हा पुन्हा वाजवणारे, घरट्यासमोर तासन्‌तास ठाण मांडणारे छायाचित्रकार कमी नाहीत. पण त्यांना आवर कोण घालणार? चांगला मार्गदर्शक. आणि तो नाही म्हणू शकतो, जर एका गिऱ्हाइकाच्या नाराजीने त्याची चूल विझणार नसेल तर. म्हणून हा आक्षेप सहलींच्या विरोधात जात नाही. मार्गदर्शकांनी एकत्र येऊन समान दर आणि समान नियम ठरवण्याच्या बाजूने जातो. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: पाहुण्यांच्या पैशावर पक्षी जगवायचे ठरवले, तर जे पक्षी देखणे नाहीत, सहज दिसत नाहीत, त्यांचे काय? माळरानावरच्या चंडोलासाठी कोणी गाडी काढत नाही. शिवाय पाहुण्यांचा भरवसा नसतो; २०२० च्या टाळेबंदीत हे उत्पन्न एका झटक्यात शून्यावर आले. पर्यटन हा संवर्धनाचा एकमेव खांब मानला, तर या आक्षेपाला उत्तरच नाही. म्हणूनच तो तसा मानू नये.

तिसरा आक्षेप असा की कायदा असताना या साऱ्याची गरज काय. त्याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजला मिळते. १९७९ मध्ये माळढोकसाठी घोषित झालेल्या अभयारण्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते, अगदी शहरांचे भागही आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि शेतकऱ्याच्या लेखी माळढोक हा सातबाऱ्यावर बसलेला पक्षी ठरला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, पण तोवर कटुता मुरली होती. माळढोकच्या ऱ्हासाला गवताळ माळांवर आलेले बागायत आणि विजेच्या तारा ही मोठी कारणे आहेत, आणि केवळ सहलींनी तो वाचला असता असे मी म्हणणार नाही. पण ज्या लोकांच्या शेतात तो वावरत होता, त्यांना त्याच्या असण्यातून वाटाही दिला नाही आणि निर्णयात जागाही दिली नाही, हेही तितकेच खरे. बुगुनांना दोन्ही होते. भिगवणच्या नावाड्याला वाटा आहे, जागा नाही.

ती जागा मिळवून देण्यात पाहुण्यांना काही करता येईल का? भिगवणच्या बाबतीत तरी येईल, आणि त्याला विशेष कारण आहे. तिथे जाणाऱ्यांत मोठा भाग पुणेकरांचा आहे, आणि उजनीत साचणारे सांडपाणीही मोठ्या प्रमाणात त्यांच्याच शहरांचे आहे. नावेचे भाडे दिले म्हणजे हिशेब मिटला असे त्यांना म्हणता येणार नाही. नावाड्याचा आवाज महापालिकेपर्यंत पोचत नाही. त्यांचा पोचतो, कारण ते तिथले मतदार आणि करदाते आहेत. सहली नेणाऱ्या संस्थांनी दर हंगामात पक्ष्यांच्या नोंदींबरोबर पाण्याची पातळी आणि पाण्याची प्रत नावाड्यांकडूनच टिपून घ्यावी, त्या कामाचा मोबदला सहलीच्या शुल्कातून द्यावा, आणि त्या नोंदी घेऊन पुण्यात सांडपाणी प्रकल्पांचा जाब विचारावा. कालवा सल्लागार समितीपुढे मासेमारांचे म्हणणे मांडले जावे यासाठी जलसंपदा खात्याकडे पाठपुरावा करावा. शेतीचे आवर्तन न मोडता जानेवारी ते मार्चमध्ये काही उथळ काठ उघडे ठेवता येतील का, हा प्रश्न अभियंत्यांना सोडवता येण्याजोगा आहे. तो त्यांच्यापुढे लेखी ठेवायला मात्र कोणीतरी हवे.