आपल्या वाट्याची खतपत्रे

देवावर भार टाकावा, असे मी आयुष्यभर कीर्तनातून सांगत आलो. स्वतः तो किती टाकला, याचा हिशोब आता उतारवयात मांडावासा वाटतो. त्याला निमित्त झाले आमच्या शेजारचे एक ख्रिस्ती गुरुजी. परवा पारावर बसलो असता त्यांनी विचारले, "बुवा, देवावरचा भरवसा आणि निष्काळजीपणा यांत फरक कुठे करायचा?"

मी म्हटले, "गुरुजी, आधी तुमच्या शास्त्रात काय आहे ते सांगा."

त्यांनी पेत्राची कथा सांगितली. येशूला धरायला लोक आले तेव्हा या शिष्याने तलवार उपसली. येशूने ती म्यानात घालायला लावली. त्याच रात्री शेकोटीपाशी लोकांनी ओळखले, तर पेत्राने आपला त्या माणसाशी काही संबंध नाही असे तीनदा सांगितले. तलवार काय, नकार काय, दोन्ही भीतीचीच लेकरे.

"मग येशूला भीती वाटलीच नाही?"

"वाटली. हा प्याला टळावा अशी त्याने प्रार्थना केली. पण शेवटी पित्याची इच्छा शिरोधार्य मानली. एरवी, देवदूत झेलतील म्हणून मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, असे सैतान म्हणाला तेव्हा त्याने साफ नाकारले होते. आणि धरायला आलेल्यांना सांगितले की, मी हवा असेन तर या माझ्या माणसांना जाऊ द्या."

हे शेवटचे ऐकले आणि मला देहू आठवली. तुकोबारायांनी खतपत्रे इंद्रायणीत बुडविली हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याआधी धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला, आणि बुडविली ती फक्त आपल्या वाट्याची. भरवसा असा असतो. तो आपल्या वाट्याचे सोडतो. निष्काळजी माणूस दुसऱ्याचेही डोहात टाकतो, आणि भित्रा दुसऱ्याचे बुडाले तरी आपले जपतो.

तरी एक काटा सलतोच. तुकोबांच्या त्या अर्ध्या वाट्यात जिजाईची चूलही होती. तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो असे मानणारे कवी ना. वा. टिळक यांनी १९१७ साली मिशनची बांधलेली नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारायला निघाले. असल्या माणसाचा संसार ओढताना काय सोसावे लागते, ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचावे. थोरांच्या भरवशाची किंमत पुष्कळदा घरातली बाई मोजते. तिला कोणी विचारलेले असते काय?

माझी गोष्ट याहून खालची आहे. पस्तीसेक वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात माझे कीर्तन होते. विषय तुकोबांचे वैराग्य. सप्ताहाचा खर्च उचलणारे सावकार पुढेच बसले होते आणि मागे बसलेल्या कित्येकांच्या जमिनी त्यांच्याकडे गहाण होत्या. खतपत्रांचा प्रसंग तोंडाशी आला, आणि मी टाळकऱ्यांना चाल धरायची खूण केली. प्रसंग गाळला. बिदागी पुरी मिळाली, पुढच्या वर्षीचा नारळही मिळाला. घरी चार लेकरे आहेत, असे मनाला बजावले.

घरी येऊन कारभारणीला सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला विचारलं असतं, तर मी चार महिने कण्या रांधल्या असत्या. आमचं नाव कशाला पुढं केलंत?"

त्या रात्री मला कोंबड्याची वाट पाहावी लागली नाही.

गुरुजींना मी एवढेच सांगितले. भीती वाटणे हे पाप नव्हे. ती देवाला सांगावी. आपल्या वाट्याचे सोडायचे तर घरच्यांना विचारून सोडावे. आणि लेकराबाळांच्या नावाखाली आपण स्वतःलाच तर जपत नाही ना, हे रोज तपासावे. भार विठ्ठलावर टाकायचा म्हणजे हीच गाठ सोडायची. माझी ती अजून पुरती सुटलेली नाही.

रामकृष्ण हरी.