चंद्राची कला आणि माझा पाय

अवधूतांच्या चोवीस गुरूंमध्ये चंद्र आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात त्याचा बोध सांगितला आहे : वाढतात-घटतात त्या कला, चंद्र तोच राहतो, तसे जन्मापासून मरणापर्यंतचे बदल देहाचे, आत्म्याचे नव्हेत. हे मी कितीतरी वर्षे ऐकत आलो, चारचौघांना सांगतही आलो. मग माझा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला आणि हा पाठ मला पहिल्यापासून गिरवावा लागला.

मधुमेह जुना. पायाच्या नसा बधिर झालेल्या. वाडीला अनवाणी गेलो, तापलेल्या फरशीने टाच पोळली, ते कळलेच नाही. पुढे जखम दिसली, तरी म्हटले, "देहाचे काय एवढे कौतुक!" महिनाभर घरात कुणाला सांगितले नाही. त्याला मी वैराग्य समजत होतो. खरे तर तो आळस होता, आणि थोडी भीतीही.

शस्त्रक्रियेनंतर भेटायला येणारे म्हणत, "देह नश्वर आहे हो, प्रारब्ध भोगूनच संपायचं." मीही पूर्वी आजाऱ्यांच्या उशाशी बसून हेच बोललो होतो. आता ऐकताना राग यायचा. रात्री, नसलेल्या पायाची बोटे ठणकत. डॉक्टर म्हणाले, "हे वेड नव्हे. पाय गेला तरी मेंदूत त्याची जागा शिल्लक असते. वेदना खरी आहे." पण मनाचे काय? दोन महिने पोथी उघडली नाही. जन्मभर पादुकांवर डोके टेकले, त्याचेच पाऊल न्यावे का, हे महाराजांना विचारत पडून राही.

एकदा हिने विचारले, "तुम्ही रडत का नाही?"

म्हटले, "आत्म्याला कसलं दुःख?"

"आत्म्याचं राहू द्या. मी तुमचं विचारतेय."

त्या दिवशी पोटभर रडलो. मग डॉक्टरांना मनाचेही सांगितले. असे पुष्कळांना होते, त्यावरही उपचार असतात, हे तेव्हा कळले.

मग 'मी देह नव्हे' हे खोटे का? मुळीच नाही. पण ते ज्याचे त्याने स्वतःला सांगायचे; दुसऱ्याच्या जखमेवर ठेवले की त्याचे मीठ होते. आणि ते रडण्याच्या जागी नव्हे, रडण्यानंतर येते. चंद्रालाही अमावास्या चुकत नाही. शिवाय देह मी नसलो, तरी तो माझ्याकडे दिलेली ठेव आहे. दुसऱ्याची ठेव कुणी हयगयीने ठेवतो का?

आता मी जयपूर फूट लावून चालतो. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास हे रबरी पाऊल घडवले, ते अनवाणी चालणाऱ्या, खाली मांडी घालून बसणाऱ्या आपल्या माणसांचा विचार करून. दुसऱ्याच्या देहाची अशी काळजी, हीही मला उपासनाच वाटते.

मार्गशीर्ष पौर्णिमेला चंद्र पूर्ण दिसेल. माझा पाय काही परत येणार नाही, आणि तरी मी पूर्वीइतकाच महाराजांचा आहे. हे आता मला कुणी सांगावे लागत नाही.

एवढीच विनंती. मधुमेह असेल तर रात्री जपाआधी तळवे पाहत जा. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरा. आणि आजाऱ्याला भेटायला गेलात, तर प्रारब्ध सांगू नका. "रात्री झोप लागते का?" एवढे विचारा आणि जरा वेळ बसा.

श्रीगुरुदेव दत्त!