‘नाही’चं मोल

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘डी-डायमर किती आला?’ हा प्रश्न नांदेड-लातूरच्या घराघरांत पोहोचला. लाट ओसरली, पण त्या आकड्याचा धाक राहिला. छातीत दुखलं आणि हा आकडा वाढलेला निघाला की आजही घर हादरतं. या रक्तचाचणीमागचा विचार मात्र वेगळ्या दिशेनं घडला आहे.

पायातल्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकते, हे जर्मनीच्या रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवलं; पण शवविच्छेदन करून. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये हृदयाच्या धमनीतल्या गुठळीचं निदान रुग्ण जिवंत असतानाही करता येतं, असं मांडलं. तरीही गुठळी हे हृदयविकाराच्या झटक्याचं कारण की परिणाम, हा वाद कित्येक दशकं चालला. १९८० मध्ये डॉक्टर डीवुड आणि सहकाऱ्यांनी मोठ्या झटक्यानंतर चार तासांच्या आत अँजिओग्राफी केलेल्या रुग्णांपैकी ८७ टक्क्यांची धमनी पूर्ण बंद आढळली आणि कौल गुठळी हेच कारण असण्याकडे झुकला.

मग गुठळीची खूण रक्तात शोधता येईल का? गुठळी विरघळताना फायब्रिन या प्रथिनाच्या जाळीचे तुकडे रक्तात उतरतात; डी-डायमर हा त्यातलाच एक. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो नेमका ओळखणारी चाचणी प्रसिद्ध केली. अडचण अशी की न्यूमोनिया, गरोदरपण, कॅन्सर, शस्त्रक्रिया, उतारवय, सगळ्यांतच तो वाढतो. वाढलेला आकडा कशाकडेच ठामपणे बोट दाखवत नाही.

खरं वळण इथं आलं. जिनिव्हाचे बूनामो आणि कॅनडाचे फिलिप वेल्स यांच्यासारख्या डॉक्टरांनी कमी आलेल्या आकड्याकडे लक्ष दिलं. वेल्स यांनी आधी प्रश्न ठरवले: पाय सुजलाय का? अलीकडे ऑपरेशन झालंय का? रुग्ण अंथरुणाला खिळून होता का? खोकल्यातून रक्त पडतं का? या उत्तरांवरून शंका कमी ठरली आणि डी-डायमरही ५०० च्या खाली आला, तर फुप्फुसातली गुठळी जवळजवळ नाहीच. सीटी स्कॅन टळतो. पुढे २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासानं पन्नाशीनंतर ही मर्यादा वयाच्या दहापट धरण्याला आधार दिला. सत्तरीच्या आजोबांना ७०० चालतात.

किनवट, मुखेड, उदगीर, निलंग्याकडच्या माणसाला या ‘नाही’चं मोल फार आहे. त्याच्यासाठी सीटी स्कॅन म्हणजे अनेकदा गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत धावणारं निम्मं घर. पण ते ‘नाही’ प्रश्नांशिवाय मिळत नाही. शंका दाट असेल तर कमी आकड्यावर विसंबता येत नाही, थेट स्कॅनच हवा. शिवाय हृदयाच्या झटक्याबद्दल डी-डायमर निर्वाळा देत नाही; त्यासाठी आधी ईसीजी, पहिल्या दहा मिनिटांत, आणि मग ट्रोपोनिन ही रक्तचाचणी. रिपोर्टवरचं एककही पाहायला हवं, कारण काही लॅब दुसऱ्या पद्धतीनं मोजतात आणि तिथं ५०० ऐवजी साधारण २५० ही मर्यादा असते.

दीडशे वर्षांहून अधिक काळाच्या या प्रवासातून मला एकच गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. रक्त काढण्याआधी रुग्णाची हकीकत नीट ऐकलीच पाहिजे. ओपीडीत कितीही गर्दी असली, तरी त्या चार-पाच प्रश्नांना दिलेली दोन मिनिटं हा या चाचणीचाच पहिला भाग आहे.