ओल, अडगळ आणि आल्तार

वसईतील राहते घर विकायला काढले, तेव्हा दलालाने आम्हाला तीन सूचना केल्या. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला नवा रंग द्यावा, अडगळ हलवावी आणि दर्शनी भिंतीवरचा आल्तार उतरवून तिथे गणपतीची तसबीर लावावी; गिऱ्हाईक कोणत्या धर्माचे येईल सांगता येत नाही! तिन्ही गोष्टी त्याने एका दमात सांगितल्या. आम्हाला मात्र त्या एकाच जातीच्या वाटल्या नाहीत.

घर सजवून विकण्याची कला जुनीच आहे. सिसेरोने इ.स.पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात सिराक्यूजच्या पिथियस सावकाराची कथा येते. कॅनियस या रोमन गृहस्थाला बाग विकण्यासाठी त्याने कोळी बोलावून बागेसमोरच मासेमारी करायला लावली. मासळीचे ढीग पाहून भुललेल्या कॅनियसने मागितली ती किंमत मोजली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर एकही होडी नाही. शेजारी म्हणाला, इथे कोणी मासे धरतच नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न तपासला. पडायला आलेले घर भक्कम म्हणून विकणे त्यांनी अन्याय्य ठरवले. दोष उघड दिसत असेल आणि किंमत त्या मानाने कमी घेतली असेल, तर तो बोलून दाखवलाच पाहिजे असे नाही. छुपा दोष मात्र सांगितलाच पाहिजे. आपल्याकडील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलमही विक्रेत्यावर जवळजवळ हेच बंधन घालते.

या कसोटीवर अडगळ हलवणे निर्दोष ठरते. येणाऱ्याला आपल्या संसाराचे चित्र तिथे पाहता यावे, हे एक प्रकारचे आतिथ्यच. ओलीवरचा रंग तसा नव्हे. तो उघड दोषाला छुपा करतो. पाहणाऱ्याचे डोळे उघडे असूनही आपण त्याला आंधळे करतो.

आल्तार मात्र दोषच नव्हे. तो घराबरोबर विकलाही जात नाही, आमच्याबरोबर जातो. म्हणून तो उतरवण्यात असत्य नाही. पण चार पैसे जास्त यावेत म्हणून प्रभूला लपवावे काय, हा प्रश्न गिऱ्हाइकाचा नसून आमचा होता. आणि त्या जागी परक्याच्या श्रद्धेचे चित्र टांगणे म्हणजे तर पिथियसच्या होड्याच. ज्याच्यापुढे शेजारी भक्तिभावाने हात जोडतो, त्याला आम्ही गळाला लावावे काय?

आम्ही अडगळ हलवली, रंग दिला नाही. ओलीची गोष्ट प्रत्येकाला सांगितली. दोघे परत फिरले, तिसऱ्याने किंमत पाडून घेतली. ती आम्हाला जड गेली, हेही कबूल केले पाहिजे. पण घर घेणारा माणूस पुढच्या आषाढात त्याच भिंतीपाशी उभा राहणार आहे. त्या वेळी त्याने आमची आठवण कशी काढावी, एवढे आमच्या हातात होते.

आल्तार शेवटच्या रात्री, रोझरी झाल्यावर आम्ही सर्वांनी मिळून उतरवला.