सोयरीक जमविताना मुलीचा शब्द

उन्हाळा लागला म्हणजे देवगाव फाट्यावर एसटीची वाट पाहत बसलेल्या मंडळींच्या बोलण्यात दुसरा विषय नसतो. कोणाच्या घरी पाहुणे येऊन गेले, कोणाची सुपारी फुटली, कोणाचे देण्याघेण्यावरून अडले, हेच चालते. मुलाचे शेत किती, नोकरी कोठे, सोयरे कसे, हे दहा वेळा निघते. मुलीस विचारले काय, हे मात्र सहसा निघत नाही. आणि कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते, की तिला काय विचारायचे, ती आमच्या शब्दाबाहेर नाही. ह्या उत्तरात प्रीती आहे, अभिमान आहे, खोटेपणा नाही. म्हणूनच त्याचा विचार नीट केला पाहिजे. आईबापांची लेकरावर खरी प्रीती असेल, तर त्या प्रीतीच्या आधारे त्यांस लेकराच्या वतीने होकार देता येतो काय?

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्राने एकदा पोटभर हसत पाहिला आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर ह्यांचे ‘संगीत सौभद्र’ हे नाटक १८८२ साली रंगभूमीवर आले. नाटकांविषयी आपल्यांतील कित्येकांचे मत अनुकूल नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ह्या नाटकाची गोष्ट आपल्या कामाची आहे. सुभद्रेचे मन अर्जुनावर आहे. तिचा वडील भाऊ बलराम ह्याने तिला दुर्योधनास देण्याचे ठरविले आहे. अर्जुन संन्याशाच्या वेषाने द्वारकेत येतो, आणि भोळा बलराम त्याच यतीच्या सेवेस आपल्या बहिणीस नेमतो! प्रेक्षक हसून लोटपोट होतात. धाकटा भाऊ कृष्ण आतून सारी सूत्रे हालवीत असतो, आणि शेवटी सुभद्रा व अर्जुन ह्यांचे लग्न होते. जुन्या कथेतील राजकन्या खरी. परंतु पुण्यामुंबईच्या प्रेक्षकांनी तीत आपलेच घर ओळखले. रागीट वडील भाऊ, गोड बोलणारा धाकटा, नणंदेची बाजू घेणारी भावजय रुक्मिणी, ही माणसे कोणाच्या वाड्यात नव्हती?

ह्या नाटकातील बलराम दुष्ट नाही, ही त्यातील खरी मर्माची गोष्ट होय. तो पैसे घेऊन बहीण विकीत नाही. त्याला दुर्योधन मनापासून योग्य वाटतो. त्याची एकच उणीव आहे, की जिचे लग्न तिला विचारावे हे त्याच्या मनातसुद्धा येत नाही. कृष्णास सुभद्रेचे मन ठाऊक आहे. परंतु तोही वडील भावास उघड सांगत नाही, युक्ती करतो. जेथे सरळ विचारण्याची वाट बंद असते, तेथे भल्या माणसांसही कपटाची वाट धरावी लागते, आणि त्यालाच आपण विनोद म्हणतो. थिएटरात बलरामाला हसणारे किती गृहस्थ घरी जाऊन बलरामासारखेच वागले असतील, ह्याची मोजदाद कोणी केली नाही.

गोविंद बल्लाळ देवल ह्यांच्या १८९९ सालच्या ‘संगीत शारदा’ नाटकातील बाप निराळा. कांचनभट द्रव्यलोभाने आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्यास देऊ करतो. त्याचा धिक्कार करणे सोपे आहे, व आपण सर्व तो करतो. परंतु ते लग्न मोडते कशाने, हे किती जणांच्या ध्यानात राहिले आहे? मुलीने नको म्हटले म्हणून ते मोडत नाही. आईने विरोध केला म्हणूनही नाही. वर व वधू सगोत्र आहेत असे निघते, म्हणून मोडते. गोत्र निराळे असते तर? (१९२९ साली झालेल्या कायद्यास पुष्कळ लोक ह्याच शारदेचे नाव समजतात, वास्तविक ते तो कायदा मांडणाऱ्या हरबिलास सारडा ह्यांचे आडनाव. त्या कायद्याने मुलीस १४ वर्षांची मर्यादा घातली, परंतु ब्रिटिश मुलखापुरती. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता.)

आता रंगभूमी सोडून न्यायालयात चला. सौभद्रास दोन वर्षे झाली नाहीत तोच, १८८४ साली, मुंबईस दादाजी भिकाजी ह्यांनी रखमाबाईवर दावा लावला. रखमाबाईचे लग्न तिच्या अकराव्या वर्षी झाले होते. पुढे ती आईजवळ व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्या घरी राहून वाचावयास शिकली, व वयात आल्यावर, मी ह्या लग्नास संमती दिली नव्हती, मी नांदावयास जाणार नाही, असे तिने सांगितले. १८८५ साली न्यायाधीश पिन्ही ह्यांनी दावा फेटाळला. अपील होऊन तो निर्णय फिरला, आणि १८८७ साली, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. पुढे १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस गेली, डॉक्टर झाली, आणि सुरत व राजकोट येथे तिने अनेक वर्षे स्त्रियांची शुश्रूषा केली.

ह्या बाईच्या धैर्याची स्तुती पुष्कळ झाली आहे, व ती योग्यच आहे. मला येथे दुसरेच दिसते. तिच्या नकाराला उभे राहण्यास एक घर होते. ती नाही म्हणाली त्या रात्री ती झोपली कोठे? आपल्या माणसांत. ज्या मुलीला असे घर नाही तिला आपण विचारले, आणि ती हो म्हणाली, तर त्या होकाराची किंमत काय?

आपल्या मंडळीत विवाहविधीच्या वेळी वर व वधू ह्या दोघांस निरनिराळे विचारले जाते, आणि ह्याबद्दल आपण इतरांपुढे थोडा गर्वही करतो. परंतु तो प्रश्न विचारला जातो केव्हा? मांडव पडला, हळद लागली, कर्ज काढून कपडे घेतले, बाहेर भाताची भांडी चुलीवरून उतरली, मग. त्या क्षणी सोळा नातेवाइकांच्या देखत नाही म्हणेल अशी मुलगी हजारांत एक. कित्येक उपदेशक येथे रिबकेचा दाखला देतात, की तिला घरच्यांनी बोलावून विचारले. वाचून पाहा: तो प्रश्न दुसऱ्या दिवशी निघण्याविषयी होता, सोयरीक आदल्या संध्याकाळीच ठरली होती व दागिनेही दिले गेले होते. त्या उताऱ्यावर त्याला पेलेल तेवढाच भार ठेवावा.

म्हणून विचारणे ते सुपारी फुटण्यापूर्वी, पाहुण्यांस परत पाठविता येते तेव्हा. बापाने विचारू नये. बापापुढे मुलगी मान खाली घालते व आपण त्या खाली घातलेल्या मानेस लाज म्हणतो, होकार म्हणतो. आत्याने विचारावे, थोरल्या बहिणीने विचारावे, बायबल-बाईने विचारावे, विहिरीवर किंवा शेतात, आणि एकदा नव्हे. ती गप्प राहिली तर थांबावे. पाहुणे रागावतील, रागावोत.

कोणी म्हणेल, पाळकसाहेब, हे पोटभर खाणाऱ्यांचे बोलणे झाले. बोलणे खोटे नाही. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात. वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर मागे ठेवावी? नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. लग्न झाले तर उचलही मिळते. म्हणून टोळी निघण्यापूर्वी घाईने मांडव पडतो. कायद्याने मुलीचे वय १८ व मुलाचे २१ आहे. तरी २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत ह्या जिल्ह्यातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे ४८ टक्क्यांची लग्ने अठरा वर्षांआधी झालेली आढळली. ह्या आईबापांस कांचनभट म्हणणे हा अन्याय होईल. ते भीतीने करतात.

परंतु भीतीचा उपाय लग्नच आहे काय? दिवाळीपासून पाडव्यापर्यंत पाचसहा महिने एका मुलीस दोन भाकरी, झोपण्यास जागा व शाळेत जाता येईल अशी सोबत एवढेच हवे असते. मंडळीत अशी चार घरे निघतील. एखादी विधवा एकटी राहते, तिलाही रात्री कोणी जवळ हवेच असते. पंचांच्या येत्या बैठकीत टोळीबरोबर जाणाऱ्या घरांची नावे वाचली जावीत, आणि प्रत्येक नावापुढे, तेथील मुलगी ह्या हंगामात कोणाकडे राहील, हे लिहावे. मग तिच्या लग्नाचे तिला विचारावे.