सरकवलेली देवालये

पर्यटकांच्या समूहाने एका दिवसात केलेल्या नगरफेरीला मराठीत ‘स्थलदर्शन’ म्हणतात, पण या शब्दातील दोन्ही पदे मुळात किती भारदस्त आहेत याकडे सहसा लक्ष जात नाही. ‘दर्शन’ म्हणजे केवळ पाहणे नव्हे. भाविक देवाला पाहतो आणि देवही त्याला पाहतो, अशी परस्परता त्या शब्दात गृहीत धरलेली असते. ‘स्थळ’ वा ‘स्थान’ हा शब्दही साधा नाही, कारण चक्रधरस्वामींचा वास जेथे जेथे घडला त्या जागा महानुभाव पंथाने ‘स्थानपोथी’त बारकाईने नोंदवून ठेवल्या आणि त्यांनाच वंदनीय मानले. मग पावित्र्य असते तरी कोठे: जागेत, वास्तूत, की तेथे येणाऱ्या माणसांत? धर्मचिंतनात जुना असलेला हा प्रश्न रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे १९८०च्या दशकात अत्यंत मूर्त रूपात उभा राहिला, कारण तेथे देवालये पायापासून कापून रुळांवरून सरकवली गेली.

४ मार्च १९७७ रोजी झालेल्या भूकंपात रुमानियात सुमारे दीड हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील बहुसंख्य राजधानीतील होती. कम्युनिस्ट राजवटीचा सर्वसत्ताधीश निकोलाय चाउशेस्कू १९७१ मध्ये उत्तर कोरियाला जाऊन आला होता आणि तेथील आखीव, भव्य राजधानीने तो भारावून गेला होता. भूकंपाने त्याला निमित्त पुरवले. जुन्या शहराचा मोठा भाग, विशेषतः उरानुस ही टेकडीवरची वस्ती, पाडण्यात आली, सुमारे चाळीस हजार लोकांना घरे सोडावी लागली, आणि त्या मोकळ्या केलेल्या भूमीवर २५ जून १९८४ रोजी एका महाप्रासादाची पायाभरणी झाली. आज त्यात रुमानियाची संसद भरते. आंका पेत्रेस्कू ही त्याची मुख्य वास्तुरचनाकार. बांधकामाचे क्षेत्रफळ ३ लाख ६५ हजार चौरस मीटर आणि उंची ८४ मीटर. त्याच्यासमोर जो रुंद राजमार्ग काढला, त्याचे तेव्हाचे नाव ‘समाजवादाचा विजय’ असे होते आणि आता तो ‘उनिरी’ म्हणजे एकीकरणाचा मार्ग म्हणून ओळखला जातो.

एका दिवसाच्या समूहफेरीत याच मार्गाला आणि याच प्रासादाला सर्वाधिक वेळ मिळतो. बस क्रांती चौकात थांबते, जेथील सज्जातून चाउशेस्कूने २१ डिसेंबर १९८९ रोजी अखेरचे भाषण केले. मग जुन्या बाजारपेठेतील १७२४ चे स्टाव्रोपोलेओस हे लहानसे, कोरीव खांबांचे चर्च घाईने पाहिले जाते. आणि उरलेला दिवस प्रासादातील संगमरवर, झुंबरे व आकडे ऐकण्यात जातो. यात मार्गदर्शकाचा दोष नाही. जो रस्ता मुळातच जमावाने एका विशिष्ट बिंदूवर उभे राहून एका विशिष्ट दिशेला पाहावे म्हणून आखला, त्या रस्त्यावर आणलेला कोणताही जमाव तेथेच उभा राहतो आणि तिकडेच पाहतो. राजवट जाऊन साडेतीन दशके लोटली, तरी तिने घालून दिलेली नजर अजून कामावर आहे. या पाहण्याला दर्शन म्हणता येत नाही, कारण येथे पाहणारा लहान व्हावा एवढाच वास्तूचा हेतू आहे आणि तिच्याकडून परत कोणीही पाहत नाही.

राजमार्गाच्या दोन्ही बाजूंना सदनिकांच्या उंच इमारतींची सलग रांग आहे आणि त्या रांगेच्या मागे, बसच्या खिडकीतून न दिसणाऱ्या जागी, सरकवलेली चर्चे उभी आहेत. एव्जेनियू योर्दकेस्कू या स्थापत्य अभियंत्याने त्यांना वाचवण्याची रीत काढली. पेल्यांनी भरलेला ट्रे सावरत चाललेला वेटर पाहून ही कल्पना सुचली, असे त्याने पुढे सांगितले होते. इमारतीच्या पायाखाली टप्प्याटप्प्याने खणून प्रबलित काँक्रीटचा एक प्रचंड ट्रे तयार करायचा, भिंती मूळ पायापासून कापून त्यावर तोलायच्या, आणि मग जलदाबावर चालणाऱ्या जॅकांनी तो ट्रे रुळांवरून मुंगीच्या गतीने पुढे ढकलायचा, अशी ती रीत होती. १९८२ मध्ये १७२६ सालचे स्कितुल मायचिलोर हे चर्च अशा प्रकारे २४५ मीटर हलवले गेले. १९८५ मध्ये मिहाई वोदा हे चर्च आपल्या घंटाघरासह २८९ मीटर सरकून टेकडीवरून खाली आले. १५९१ चे हे चर्च पुढे राष्ट्रवीर ठरलेल्या मिहाईने बांधलेले होते, तरी त्याच्या भोवतालचे मठाचे आवार मात्र पाडले गेले. ज्यांना ही रीत लाभली नाही अशी चर्चेही पुष्कळ आहेत. त्यांपैकी ‘स्फंता विनेरी’, म्हणजे संत शुक्रवार या नावाने पूजल्या जाणाऱ्या पारास्केवा या संत स्त्रीचे चर्च, जून १९८७ मध्ये जमीनदोस्त झाले.

आता मूळ प्रश्नाकडे. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडील प्राचीन परंपरेच्या, ख्रिस्ती धर्मशास्त्रापुढे चर्च हलवल्याने मोठी अडचण उभी राहत नाही. या परंपरेत वेदीवर ‘अँटिमेन्शन’ नावाचे एक चौकोनी वस्त्र अंथरतात. त्यात संताच्या अस्थींचा कण शिवलेला असतो, त्यावर बिशपची स्वाक्षरी असते, आणि भाकरी व द्राक्षरस अर्पण करण्याचा मुख्य सामुदायिक विधी त्यावरच होतो. हे वस्त्र घडी करून कोठेही नेता येते. शास्त्रानेच पावित्र्याला असे प्रवासी रूप दिले असेल, तर २८९ मीटरांनी काय बिघडते?

याच शहरात १९०७ मध्ये जन्मलेल्या मिर्चा एलियाडे या धर्माभ्यासकाचे उत्तर वेगळे आले असते. १९२८ ते १९३१ या काळात तो भारतात होता आणि कलकत्त्यात सुरेंद्रनाथ दासगुप्त यांच्याकडे त्याने भारतीय दर्शनांचे अध्ययन केले. त्याच्या मते अवकाश सर्वत्र सारखा नसतो. काही ठिकाणी पवित्राचे प्रकटन होते, ज्याला तो ‘हायरोफनी’ म्हणतो, आणि ते ठिकाण आकाश व पृथ्वी जोडणारे जगाचे केंद्र बनते. माणूस अशी जागा निवडत नाही, ती त्याला सापडते. हे खरे मानले तर टेकडीवरून उतरवलेले मिहाई वोदा म्हणजे केवळ नक्षीदार विटांचा संच उरतो. पण तेथे आजही मेणबत्त्या पेटतात आणि विधी चालतात, त्यामुळे हा सिद्धांत अपुरा ठरतो. एलियाडेने १९३०च्या दशकात आयर्न गार्ड या यहुदीद्वेष्ट्या संघटनेला पाठिंबा दिला होता हेही येथे आठवले पाहिजे, कारण केंद्राचा इतका ध्यास घेणाऱ्या विचाराला केंद्रातून हुसकलेली माणसे दिसत नाहीत.

तिसरे उत्तर बुखारेस्टमधल्याच ‘अँतिम’ नावाच्या मठातून येते, आणि ते सर्वांत गंभीर आहे. १९४०च्या दशकात या मठात ‘धगधगते झुडूप’ या नावाचा भिक्षू, कवी व विद्वानांचा एक गट जमत असे. येशूचे नाव श्वासागणिक हृदयात घोळवण्याची, मराठी वाचकाला नामस्मरणाशी सहज जुळवता येईल अशी, साधना ते करीत. १९५८ मध्ये त्यांना अटक झाली. संस्थापक दानिएल सांदू तुदोर १९६२ मध्ये आयुदच्या तुरुंगात वारला. थोर धर्मचिंतक दुमित्रू स्तनिलॉये १९६३ पर्यंत कैदेत होते. हृदय हेच देवालय असेल, तर जागेचा आणि वास्तूचा आग्रह कशाला, असे यावरून कोणी म्हणेल. परंतु देव हृदयात आहे असे कैद्याने म्हणणे वेगळे आणि देऊळ पाडणाऱ्याने त्याला ते ऐकवणे वेगळे. पहिल्या वाक्यात साधना आहे, दुसऱ्यात हिंसा आहे, आणि तत्त्वज्ञानाने या दोहोंची गल्लत करता कामा नये.

या तिन्ही उत्तरांतून एक गोष्ट निसटते, ती म्हणजे वस्ती. चर्च सरकले, पण ज्या गल्लीतून म्हातारी माणसे पायी येत, ज्या घरांत तेथे बाप्तिस्मा झालेली मुले वाढली, ती गल्ली आणि ती घरे सरकली नाहीत; ती नष्ट झाली. अभियंत्याने वास्तू वाचवली याबद्दल त्याच्याविषयी कृतज्ञताच असावी, कारण दुसरा पर्याय बुलडोझर होता. तरीही त्या देवालयाचे जे हरपले ते शेजार होते, आणि शेजार कोणत्याही ट्रेवर तोलता येत नाही. मॉस्कोत १९३१ मध्ये स्फोटाने पाडलेले ख्रिस्त उद्धारकाचे महामंदिर त्याच जागी पुन्हा बांधून २००० मध्ये पवित्र केले गेले. तेथे जागा जुनी आणि वास्तू नवी, बुखारेस्टमध्ये वास्तू जुनी आणि जागा नवी. पण दोन्हीकडे मधल्या पिढ्यांचे तुटलेले येणे-जाणे दगडाने भरून निघालेले नाही. चाउशेस्कूच्या प्रासादामागे २०१८ मध्ये पवित्र केलेले राष्ट्रीय महामंदिर तर प्रासादाहून उंच आहे. आकाराला आकारानेच दिलेले हे उत्तर धर्माचे वाटत नाही, ते सत्तेच्याच भाषेतले आहे.

म्हणून बुखारेस्टला समूहाने जाणाऱ्यांनी प्रासादाच्या वेळेतील एक तास काढून घ्यावा, राजमार्ग सोडून इमारतींच्या मागे चालत जावे, आणि मिहाई वोदामध्ये विधी चालू असेल तर मागच्या भिंतीशी शांत उभे राहावे. बाहेर आल्यावर टेकडीकडे पाहून मूळ जागा कोठे होती हे मार्गदर्शकाला विचारावे.  उरानुसची घरे जुन्या नकाशांत आणि छायाचित्रांत आहेत.